शंकराच्या झाडाचं औषध

देव आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो माझं ऐकतो का, एवढाच प्रश्न होता आणि सायलीच्या आजारपणात त्याचं उत्तर 'नाही' असं हळूहळू माझ्या मनात पक्कं होत चाललं होतं. तरी मी सोमवार सोडले नाहीत. उपास करायचे, पिंडीवर पाणी घालायचे, हात जोडायचे आणि काही न मागता परत यायचे. मागून मागून थकले होते. ओळखीच्या घरी रोज जावं आणि घरच्यांनी दार उघडून नुसतं बघत राहावं, तसं काहीसं वाटायचं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. डहाणूला आमच्या आळीत मी देवभोळी म्हणूनच ओळखली जाते.

सायली आमची एकुलती एक. जन्मली तेव्हा छान गुटगुटीत होती. सहा-सात महिन्यांची असताना उन्हाळ्यात ताप आला आणि तापात पहिली आकडी आली. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, लहान मुलांना तापात येते कधीकधी, मोठी झाली की जाईल. गेली नाही. पुढे ताप नसतानाही यायला लागली. गरम पाण्याने अंघोळ घातली की यायची, उन्हातून आणलं की यायची, जत्रेतल्या गर्दीत, लग्नाच्या मांडवात यायची. एकदा सुरू झाली की थांबायची नाही. अंग ताठ व्हायचं, डोळे वर जायचे, ओठ निळे पडायचे आणि आम्ही तिला उचलून रिक्षा शोधत रस्त्यावर पळायचो. आमच्याकडे समुद्राकाठी एप्रिल-मे कसे असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. ते दिवस आम्ही खिडक्यांना ओल्या चादरी बांधून काढायचो. अंघोळ बारा महिने गार पाण्याची. प्रत्येक मोठ्या आकडीनंतर ती काहीतरी विसरून उठायची. दीड वर्षाची होती तेव्हा 'बाबा' म्हणायची, 'दे' म्हणायची, टोपलीकडे बोट करून 'मासा' म्हणायची. तीन वर्षांची झाली तोवर यातला एकही शब्द उरला नव्हता.

तिचे बाबा फुग्यांच्या कारखान्यात कामाला आहेत. साचे रबराच्या रंगीत पाण्यात बुडवून काढायचं काम. घरी येतात तेव्हा कोपरापर्यंत हात कधी गुलाबी असतात, कधी पिवळे. मीही लग्नाआधी तिथेच पॅकिंगला होते. सायलीमुळे ते सोडलं. हे कमी बोलणारे गृहस्थ. मुलीला आकडी आली की मी रडायचे आणि ते तिचे पाय चोळत बसायचे. उपयोग काही नसतो हे त्यांनाही माहीत होतं.

शेवटी मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि आजाराचं नाव सांगितलं, ड्रॅव्हे. जन्मापासूनच शरीराच्या एका जनुकात बदल असतो म्हणाल्या. "तुमच्या हातून काही झालेलं नाही. ग्रहणाचं, खाण्यापिण्याचं काहीही मनात आणू नका," असं त्या आपणहून बोलल्या. मी न विचारताच त्यांना कसं कळलं कोण जाणे. पोटुशी असताना मी ग्रहणात भाजी चिरली होती, असं आळीतल्या बायका इतकी वर्षं बोलत होत्या. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपले. आधीचं एक औषध या आजारात उलट त्रास वाढवतं, म्हणून ते बंद झालं आणि दोन नवी सुरू झाली. नाकात मारायचा एक स्प्रे दिला. आकडी लांबली तर तो मारायचा. फरक पडला, पण थोडा. औषधं वाढवली की पोर दिवसभर ग्लानीत असायची, कमी केली की आकड्या. असं वर्षभर चाललं.

अशा वेळी नानाकाकांनी ती बाटली आणली.

नानाकाका म्हणजे ह्यांचे चुलते. सगळं आयुष्य होडीवर गेलं. गुडघे गेल्यापासून ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करतात आणि संध्याकाळी भजनात पेटी वाजवतात. सायलीवर त्यांचा इतका जीव की, ती झोपली असेल तर शेजारच्यांचा रेडिओसुद्धा बंद करायला लावतात. ते भजनातल्या मंडळींबरोबर यात्रेला गेले होते. तिथे एका साधूला त्यांनी नातीबद्दल सांगितलं आणि त्याने त्यांना गांजाचं तेल दिलं. लहान तपकिरी बाटली, वर कापडाचं बूच, चिठ्ठी वगैरे काही नाही. सकाळ-संध्याकाळ मधातून दोन थेंब.

"शंकराचं झाड आहे ते, पोरी," काका मला म्हणाले. "त्याच्याच दारातून आणलंय. मी तिथे उभा राहून रडलो गो. मला रिकाम्या हाताने पाठवलं नाही त्याने."

मी बाटली घेतली. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला नाही म्हणवेना. ह्यांना विचारलं तर ते बराच वेळ हातावरचा रंग खरवडत बसले आणि म्हणाले, "मोबाइलवर लोक सांगतात खरं, या तेलाने फिट थांबते. पण हेच ते तेल का, कोण सांगणार? तू ठरव. तू तिच्याबरोबर चोवीस तास असतेस."

मला ठरवता येईना. डॉक्टरबाईंना फोन करायची हिंमत झाली नाही. गांजा हा शब्द त्यांच्यासमोर कसा उच्चारायचा, हेच कळत नव्हतं. पण त्याहून मोठी अडचण मनातली होती. इतकी वर्षं ज्याच्यापुढे हात जोडले त्याने आता काहीतरी पाठवलं असेल आणि मी ते नाकारलं तर? आणि त्याने पाठवलंच नसेल, आम्हीच त्याचं नाव लावत असू, तर? माणसाने दिलेली वस्तू तपासून घेता येते. देवाच्या नावाने आलेली कशी तपासायची? त्या दिवसांत मी बाटली देव्हाऱ्यात ठेवली होती आणि सकाळी दिवा लावताना तिच्याकडे बघणं टाळत होते.

महाशिवरात्रीसाठी मी सायलीला घेऊन माहेरी गेले. माझं माहेर तलासरीच्या अलीकडचं एक गाव. ओढ्याकाठी करंजाच्या झाडाखाली महादेवाचं लहानसं देऊळ आहे. मी लहानपणापासून त्याच देवळात वाढले. मनाशी ठरवलं होतं की, द्यायचंच तर पहिला थेंब तिथे द्यायचा. आदल्या दिवशी माहेरी पोचलो आणि दुपारीच सायलीला आकडी आली. जवळचा स्प्रे वापरावा लागला आणि तो संपला. भावाने तलासरीतली औषधांची दुकानं पालथी घातली, कुठेही मिळाला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन लगेच डहाणूला परत निघायचं ठरलं.

सकाळी देवळात गर्दी फार नव्हती. मी पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला, बाटली पिंडीला लावली. सायली माझ्या मांडीवर होती. मधाच्या चमच्यात दोन थेंब टाकले तेव्हा कडवट, उग्र वास आला. मी मनात म्हटलं, बाबा, मला यातलं काही कळत नाही. हे तुझं असेल तर तिच्या मुखात जाऊ दे. नसेल तर अडव. माझ्याकडून आता ठरवणं होत नाही. कितीतरी दिवसांनी मी त्याच्याकडे काही मागत होते.

सायलीने दात घट्ट मिटले. मधासाठी एरवी चमचा चाटून पुसणारी पोर, पण तिने तोंड उघडलंच नाही. मी गाल दाबून पाहिला, तशी मान फिरवून माझ्या पदरात शिरली. चमचा कलंडला आणि मध फरशीवर सांडला. हा कौल होता असं मला त्या वेळी वाटलं नाही. वास उग्र आहे म्हणून घेत नसेल, घरी जाऊन भातात कालवून देऊ, असा विचार करून मी बूच लावलं आणि बाटली पिशवीत टाकली.

दुपारची एसटी बोर्डी-घोलवडवरून जाते. त्या वर्षी फेब्रुवारी संपायच्या आतच ऊन कडक झालं होतं. सणामुळे बस गच्च भरलेली. मी ओला पंचा सायलीच्या डोक्यावर धरून खिडकीशी बसले होते. घोलवड सुटलं, दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या लागल्या आणि तिचा डावा हात उडायला लागला. मला लगेच कळलं. पुढे सगळं अंग ताठ झालं आणि तिच्या तोंडातून फेस आला. बसमध्ये एकच गलका झाला. कुणी म्हणे कांदा हुंगवा, कुणी पायातली चप्पल काढून पुढे केली, एका म्हाताऱ्या बाईने दातखीळ उघडायला चमचा काढला. मी सायलीला धरून नुसती बसले होते. पिशवीतला स्प्रे रिकामा आहे, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

मागच्या सीटवरून एक बाई उठून आली. साधी, पन्नाशीची, गुजराती पद्धतीने पदर घेतलेली, गळ्यात दोरीला चष्मा. तिने त्या म्हातारीचा चमचा अलगद बाजूला सारला.

"मावशी, तोंडात काही घालू नका. वारा येऊ द्या. बेन, तुम्ही दीकरीला कुशीवर घ्या. अशी. मान धरून ठेवू नका." मग तिने माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "स्प्रे आहे?"

मी मान हलवली. "काल संपला."

तिने पर्स उघडली आणि स्प्रे काढला. तोच, आम्हाला मुंबईला दिला होता तसाच, सील न फोडलेला. "तुम्हाला डॉक्टरने किती सांगितलेत?" तिने विचारलं. मी सांगितलं तेवढेच फवारे तिने मोजून दोन्ही नाकपुड्यांत मारले. मग ती तिथेच बसच्या फरशीवर बसली आणि सायलीच्या पाठीवर हात ठेवून हलक्या आवाजात गुजरातीत काहीतरी बोलत राहिली. चिखले गावच्या सुरूच्या झाडांपाशी बस आली तोवर सायलीचे हात सैल पडले होते. कंडक्टरने ड्रायव्हरला ओरडून सांगितलं की आता कुठे थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटलला घे. मधल्या थांब्यांवर उतरणारे लोक होते, पण एकाने तक्रार केली नाही.

हॉस्पिटलात सायलीला ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर औषध मिळालं म्हणून बरं झालं. ह्यांना कारखान्यात निरोप गेला होता. ते येईपर्यंत ती बाई माझ्याबरोबर बाहेरच्या बाकावर बसून राहिली, सायलीच्या आजाराचं विचारत. मी केसपेपर शोधायला पिशवी उलटी केली आणि बाटली घरंगळत तिच्या पायाशी गेली. तिने उचलली, बूच काढून वास घेतला आणि परत लावलं. मी खाली मान घातली. आता ही मला काय म्हणेल असं झालं.

"सुरू केलं?" तिने विचारलं.

"नाही अजून. आज देणार होते."

"आम्ही दिलं होतं," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. तिचं गाव उंबरगावकडे. तिलाही मुलगा होता, हाच आजार असलेला. त्यांनाही कुणीतरी असंच तेल आणून दिलं होतं. "पहिली बाटली चांगली गेली. फिट कमी झाल्या, पोरगा हसायला लागला. आम्ही पेढे वाटले. दुसरी बाटली त्याच माणसाकडून आणली. तेवढेच थेंब दिले आणि पोरगा उठेचना. डोळे उघडायचा, पण ओळखायचा नाही, घाबरून ओरडायचा. दवाखान्यात न्यावं लागलं. एका बाटलीत काय होतं आणि दुसरीत काय होतं, कुणाला माहीत? आणणाऱ्यालाही माहीत नव्हतं. तो खोटा माणूस नव्हता, बेन. त्याला फक्त माहीत नव्हतं."

"मग आता कसा आहे?" मी विचारलं आणि विचारताविचारताच मला समजलं.

"तो गेला. त्यानंतर दोन वर्षांनी. तेलाने नाही हं, तसं समजू नका. या आजारात होतं असं. एका सकाळी उठवायला गेले, उठला नाही."

माझी नजर तिच्या पर्सवर गेली. शेवटी मी विचारलं की, मग तो स्प्रे? ती पर्सच्या चेनशी चाळा करत म्हणाली, "जुना झाला की डॉक्टरसाहेबांकडून चिठ्ठी घेते आणि नवा आणते. ते काही बोलत नाहीत, लिहून देतात. नसला की पर्स हलकी लागते."

ह्यांची सायकल फाटकातून आत येताना दिसली तशी ती उठली. जाताना माझ्या हातात बाटली ठेवली आणि म्हणाली, "आई-बापांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. मी अजून त्यात आहे. कुणी मला काढलं नाही आणि मीही निघाले नाही. तिथे वाचलं, याच झाडातलं खरं औषध आता आपल्याकडे मिळतं. नशा काढून टाकलेलं, मापाचं. माझ्या वेळेला नव्हतं. तुमच्या डॉक्टरला विचारा. लाजू नका, बाटलीसुद्धा दाखवा." एवढं बोलून तिने आत जाऊन झोपलेल्या सायलीच्या पायाला हात लावला, जसा आपण देवळातून निघताना उंबऱ्याला लावतो, आणि ती गेली. मी धावत जाऊन ह्यांना सगळं सांगेपर्यंत ती रिक्षात बसून निघूनही गेली होती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

पुढच्याच आठवड्यात मुंबईला गेलो. मी बाटली टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं त्या रागावतील. डॉक्टरबाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "बरं झालं आणलीत. बरेच जण देतात आणि आमच्यापासून लपवतात." मग त्यांनी कागदावर झाडाचं पान काढून समजावलं. या झाडात पुष्कळ द्रव्यं असतात. एकाने नशा चढते, ते लहान मुलाच्या मेंदूला बरं नाही, काही वेळा आकडीही आणतं. दुसरं एक असतं, त्याने नशा होत नाही आणि अशा हट्टी आकड्यांत त्याचा उपयोग होतो. औषधात ते एकटंच वेगळं काढलेलं असतं. बाटलीतल्या तेलात कुठलं किती आहे, हे प्रयोगशाळेशिवाय कुणीच सांगू शकत नाही. "मी तुम्हाला या खेपेला तेच सुचवणार होते," त्या म्हणाल्या. "पण एक ऐकून ठेवा. हे आजार मुळापासून बरा करत नाही. काही मुलांना फार गुण येतो, काहींना थोडा, काहींना अजिबात नाही. सायली कुठल्यातली, हे मी आज सांगू शकत नाही. आणि यकृतासाठी रक्त वरचेवर तपासावं लागेल." औषध आमच्या आवाक्यातलं नव्हतं. हॉस्पिटलातल्या समाजसेवेच्या ताईंनी त्याची सोय लावून दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आल्यावर नानाकाकांना सांगायचं मोठं संकट होतं. ते ओट्यावर जाळं पसरून बसले होते. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, बसमधल्या बाईचं, दोन बाटल्यांचं, डॉक्टरबाईंचं. त्यांची सुई मधेच थांबली. ते समुद्राकडे बघत राहिले. चेहरा असा पडला होता की मला वाटलं, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी पोरीला विष आणलं?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. तुम्ही माया आणलीत. बाटलीत काय आहे ते तुम्हालाही माहीत नव्हतं आणि त्या साधूलाही."

"आणि त्या डॉक्टरीणबाईंचं औषध, ते कुठल्या झाडाचं?"

"त्याच झाडाचं."

काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "मग निरोप बरोबरच होता गो. पत्ता चुकला माझा." आणि त्यांनी सुई पुन्हा जाळ्यात घातली.

नवं औषध सुरू झालं तेव्हाचे पहिले आठवडे फार कठीण गेले. चमत्काराची वाट बघणाऱ्यांसाठी मी हे मुद्दाम लिहिते आहे. सायलीचं खाणं तुटलं, जुलाब झाले, ती दिवसदिवस झोपून राहायची. ह्यांनी एकदा नव्या औषधाची बाटली उचलून कपाटावर ठेवली आणि म्हणाले, बस झालं, पोर नुसती पडून असते. मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, हे औषध आधीच्या एका गोळीचा जोर वाढवतं, ती गोळी कमी करू. केली. हळूहळू पोर जागी व्हायला लागली. रक्त तपासायच्या दिवशी ती कुणाला हात लावू द्यायची नाही. तेव्हा नानाकाका दुखरे गुडघे घेऊन आमच्याबरोबर यायचे. तिला मांडीवर घेऊन भजन म्हणायचे आणि टेक्निशियनला डोळ्यांनी खुणावायचे की, आता घे. अख्खी लॅब गप्प होऊन ऐकायची.

आकड्या थांबल्या नाहीत. हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. त्या कमी झाल्या आणि लांबणाऱ्या, ओठ निळे करणाऱ्या तर फारच कमी झाल्या. त्यानंतरचा उन्हाळा असा गेला की, आम्हाला तिला उचलून रस्त्यावर पळावं लागलं नाही. खिडकीला ओली चादर होती, अंघोळ गारच होती, पण जून उजाडला तेव्हा ह्यांच्या एकदम लक्षात आलं आणि ते म्हणाले, "अगं, यंदा आपण हॉस्पिटलला गेलोच नाही." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. आनंद झाला असं म्हणण्यापेक्षा, पायाखाली काहीतरी टेकलं असं वाटलं.

त्या बाईला मी पुष्कळ शोधलं. त्या बसने मुद्दाम दोनदा गेले. कंडक्टरला विचारलं, उंबरगावकडच्या ओळखीच्यांना विचारलं. आमच्या आळीत ही हकिगत कळल्यावर सगळे एकच म्हणतात, ती माणूस नव्हतीच, महाशिवरात्रीच्या दिवशी प्रत्यक्ष पार्वती आली. लोक हे श्रद्धेने म्हणतात आणि मी वाद घालत नाही. पण मला ते पटत नाही. मी तिच्या टाचेच्या भेगा पाहिल्या आहेत. दोरीने बांधलेला चष्मा पाहिला आहे. आणि ती देवी होती असं म्हटलं, तर तिचा मुलगा खोटा ठरतो. तो खरा होता. तो होता आणि गेला, म्हणून तिच्या पर्समध्ये ते औषध होतं आणि म्हणून माझी मुलगी वाचली. हे मी मनात नीट मांडायला जाते तेव्हा हात जोडायचे ते कुणाला, असा गोंधळ होतो. मग मी दोघांनाही जोडते. संध्याकाळी दिवा लावताना एक नमस्कार महादेवाला करते आणि एक त्या मुलाला, ज्याचं नाव मला माहीत नाही.

देवळात मी मागितलं होतं की, तुझं नसेल तर अडव. त्याने अडवलं की सायलीनेच दात मिटले, हे मला कळत नाही आणि आता त्याची चौकशीही करावीशी वाटत नाही. पूर्वी मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे डोळे मिटून ओंजळ पुढे करणं आणि तिच्यात पडेल ते गिळणं. आता तसं वाटत नाही. डोळे उघडे ठेवून बघायचं, विचारायचं, जाणत्याला दाखवायचं, रक्त तपासायला सांगितलं की तपासायचं. एवढं सगळं करूनही जे आपल्या हातात राहत नाही, ते त्याच्या पायाशी ठेवायचं. मला आता रोज ठेवावं लागतं. सायलीचा उद्याचा दिवस कसा जाईल, हे डॉक्टरबाईंनाही सांगता येत नाही. पूर्वी या विचाराने माझा जीव जायचा. आता रात्री तो विचार आला की मी तिच्या छातीवर हात ठेवते, श्वास चालू आहे बघते, आणि झोपते.

सायली आता शाळेत जाते. थोडाच वेळ, पण जाते. मागच्या आठवड्यात वर्गाच्या बाईंनी मला थांबवून घेतलं. चेहरा गंभीर होता.

"ताई, तुमच्या मुलीला जरा समजवा," बाई म्हणाल्या. "एका जागी बसत नाही. काल शेजारच्या मुलीचा डबा उघडून तिची बोंबलाची चटणी खाऊन टाकली आणि वर तिलाच सांगते, 'अजून दे.'"

मी बाईंची माफी मागितली. घरी जाऊन रागावते म्हणाले. मग सायलीचा हात धरून शाळेच्या फाटकाबाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून, तिचा तो परत आलेला 'दे' आठवून, इतकी हसले की सायली माझ्याकडे बघतच राहिली.